तिचं ऑपरेशन, माझं ऑपरेशन

हे मी आजवर बाहेर कुणालाच पुरतं सांगितलेलं नाही. माझ्या ऑपरेशनबद्दल म्हणाल तर ते सगळ्या सिरसाळ्याला पाठ आहे. स्टँडवर चहाच्या टपरीशी उभा राहून मी ते इतक्यांदा सांगितलंय, की मी नुसतं 'प्रोस्टेट' म्हटलं तरी बाकीचे ड्रायव्हर पुढचं वाक्य स्वतःच पुरं करतात. पण ते सांगणं वेगळं. त्यात मी जिंकलेला माणूस असतो. आणि जिंकलोय हे खरंच आहे, त्यात काडीचंही खोटं नाही. सकाळी परळीहून जीप काढतो, सिरसाळा, तेलगाव करत थेट बीडला जाऊन थांबतो. मध्ये गाडी उभी करत नाही, झाड शोधत नाही, उसाच्या फडाआड जात नाही. ज्याला यात काय मोठं असं वाटतं, त्याला अजून माझं वय यायचंय.

तेव्हा गोष्ट आनंदाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त तिच्या आत आणखी एक गोष्ट आहे. ती मी टपरीवर सांगत नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल — की अवघड? बघू.

मी विश्वनाथ. उभा जन्म काळी-पिवळी चालवली. लगनसराईत वऱ्हाडाची भाडी मारली, बाजाराच्या दिवशी शेळ्या-कोंबड्यांसकट माणसं भरून नेली. बायको सुमन. मुलगी लातूरला दिलेली, मुलगा पुण्याला नोकरीत. घरात आम्ही दोघंच. दोघंच, पण वेगळाल्या खोल्यांत — त्याकडे येतो. घाई करू नका, मला यायला वेळ लागतोय.

आमच्या ड्रायव्हर लोकांत एक वेडा अभिमान असतो. गाडीवरचा हात कसा आहे हे तर बघतातच, पण लघवी किती वेळ धरून ठेवतो तेही बघतात. जवानीत मी त्यात कुणाला हार गेलो नाही. आणि मग हळूहळू — कधी सुरू झालं ते कळलंही नाही — तेलगावच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. उतरायचं, उभं राहायचं, आणि काहीच नाही. थांबून थांबून दोन-चार थेंब. परत गाडीत बसलो की वाटायचं, अजून आहेच की आत. मागे माणसं बसलेली. कुणी बोलायचं नाही, पण घड्याळात बघायचे. एकदा एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, तुला साखर हाय का?" मी म्हणालो, न्हाई आजी, गाडीचं पाणी बघितलं. बॉनेट न उघडता पाणी बघणारा मी एकटाच ड्रायव्हर असेन.

रात्रीचं तर विचारू नका. घड्याळाच्या काट्याबरोबर उठणं चालायचं.

आणि मग कड्याला गेलो. सुमनच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. लांबचा पल्ला, आष्टी तालुक्यापर्यंत, वाटेत थांबत थांबत गेलो. मांडवात मानाचा पाहुणा म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. समोर मुलाकडची मंडळी. एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपी चालली होती. मला आतून जाणवत होतं की आता उठायला पाहिजे, पण उठू कसा? पुढचं नाव माझंच असेल असं वाटत होतं. आणि बसल्या बसल्या — झालं. थोडंच, पण पांढऱ्या पायजम्यावर थोडं म्हणजे किती असतं?

कुणाच्या लक्षात यायच्या आत सुमनच्या लक्षात आलं. ती बायकांत बसली होती. कशी उठली, कुठून तांब्या घेतला, मला कळलं नाही. पाहुण्यांना पाणी देत देत आली आणि माझ्यापाशी येऊन अडखळली. अख्खा तांब्या माझ्या मांडीवर. सगळे हसले. कुणी म्हणालं, जाऊ द्या, शुभ हाय. मी सुटलो, कळतंय का तुम्हाला? त्या बाईनं मला सगळ्या सोयऱ्यांसमोर वाचवलं होतं.

आणि मी काय केलं? मी उठलो आणि ओरडलो, "डोळे फुटले का तुझे? चार लोकांत कसं वागावं कळत न्हाई?" तिच्या माहेरात, तिच्या भावासमोर. ती खाली बघून "चुकलं" म्हणाली. भावजय टॉवेल घेऊन धावली. परतीच्या वाटेवर ती पाच-सहा वेळा माझ्यासाठी गाडीत थांबून राहिली.

तुम्ही म्हणाल, हीच ती आतली गोष्ट. नाही. ही तर मी चारचौघांतही सांगू शकतो, लोक हसतातही. ती याच्याही मागे आहे.

कड्याहून आल्यावर मी बीडला गेलो. एकटाच. सुमनला म्हणालो गाडीचं काम आहे. लघवीच्या आजाराचे डॉक्टर, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला मोकळे. सोनोग्राफी केली, लघवीची धार मोजली, आणि कागदावर चित्र काढून समजावलं. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, पुरुषांना वयाबरोबर ती वाढते, वाटेला आवळते. गोळ्यांनी थोडं सैल होईल, पण माझी बरीच वाढली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन केलेलं बरं, म्हणाले.

मी विचारलं, धोका काय? त्यांनी रक्तस्राव सांगितला, जंतुसंसर्ग सांगितला, काही दिवस लघवीवर ताबा कमी राहतो ते सांगितलं. आणि मग पेन खाली ठेवून म्हणाले, "एक गोष्ट स्पष्ट सांगतो, विश्वनाथराव. ताठरता बहुतेकांची राहते. थोड्या जणांना त्रास होतो, आधीपासून कमी असेल तर जास्त. पण वीर्य मात्र बहुतेकांचं बाहेर येत नाही. ते मागं पिशवीत जातं, नंतर लघवीतून निघून जातं. त्यानं इजा होत नाही. सुख लागतं. पण कोरडं."

कोरडं. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मोठ्या शहरात दुसऱ्याही पद्धती आहेत, काहींत हे कमी होतं, पण तुमच्या गाठीला त्या चालतील का ते बघावं लागेल, असं काहीतरी ते सांगत होते. मी मान हलवत होतो. मनात एकच — म्हणजे आपण पुरुष राहत नाही का?

घरी येऊन मी सुमनला सांगितलं, गाडीचं काम झालं, आणि वाटेत डॉक्टरलाही दाखवून आलो. काही नाही म्हणाले. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या बास. सरळ तोंडावर खोटं. आणि ते खोटं मी वर्षानुवर्षं ओढलं. मधल्या काळात ती मुलीच्या बाळंतपणाला एकटी गेली, मी प्रवासाला घाबरायचो म्हणून. नातवाच्या बारशाला मी गेलो नाही. कपिलधारला जायचं तिच्या मनात होतं, धबधब्याला पाणी असताना. मी दर साली पुढच्या सालावर ढकललं. माझ्या पायजम्यांचा वास ती गपचूप धूत होती.

आता तुम्हीच मला विचारा. विचारा ना — विश्वनाथ, तू जपत काय होतास? कारण त्या वेळी आमच्या दोघांत तसलं काही उरलंच नव्हतं. कितीतरी सालांपासून मी ओसरीत झोपायचो, ती आत. जे चालूच नाही ते बंद पडेल म्हणून मी घाबरत होतो का? हो. तसंच. न वापरायची चीज का होईना, आपल्याकडे आहे असं वाटायला हवं होतं. पुरुषाला एवढं पुरतं. बायकोला काय पुरतं याचा विचार — जाऊ द्या, येतोय.

लोक विचारायचे, बाहेर कावून झोपता? मी सांगायचो, सुमनला देवाधर्माची ओढ लागलीय. तिला संसारात रस न्हाई राहिला. बहिणीला हेच सांगितलं, पोरांना हेच कळू दिलं. हळूहळू गल्लीतल्या बायका तिला मानानं वागवायला लागल्या, भजनाला पुढं बसवायला लागल्या. तीही बसली. माझ्या एका थापेनं तिला टाळ हातात घ्यायला लावले.

मग एक दिवस भर सकाळी, परळीच्या स्टँडवर, सगळं बंदच झालं. थेंबही नाही. पोट फुगून दगडासारखं. घाम फुटला. माझा जोडीदार बाबूमिया, माझ्या मागच्या नंबरचा ड्रायव्हर, त्यानं मला स्वतःच्या गाडीत घातलं, वाटेत सिरसाळ्याहून सुमनला घेतलं आणि बीडला नेलं. डॉक्टरांनी नळी घातली. नळीला लावलेली पिशवी भरत गेली तसा मी लहान लेकरासारखा रडलो. सुखानं. देवाशपथ, सुखानं.

नंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. कागद चाळला आणि सहज म्हणाले, मी तर यांना मागंच ऑपरेशन सांगितलं होतं, एवढं का थांबलात? गोळ्यांवर इतके दिवस काढायचे नव्हते. आता पिशवीवर ताण आलाय, किडनीवर यायच्या आत करून टाकू.

सुमननं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत बसलो.

डॉक्टरांना वाटलं असेल, मी भीतीनं गप्प आहे. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, आणि ते अवघडही सांगितलं, जपून, बाई समोर आहे म्हणून. आणि एक भर घातली — काही गोळ्यांनीसुद्धा इच्छा कमी होते, कोरडेपणा येतो. ज्या भीतीनं लोक ऑपरेशन टाळतात ते कधीकधी गोळ्यांनीच होतं. मी मनात मेलो. सालोसाल त्याच गोळ्या खात होतो.

मग सुमननं पदर सारखा केला आणि प्रश्न विचारायला लागली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. यांना किती दिवस दुखंल? नंतर ताबा ऱ्हाईल का? जड उचलायचं कवापासनं, गाडी कवापासनं? डॉक्टर एकेक सांगत गेले. मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. तिनं विचारलं, "आन मनाला काय व्हतंय का, साहेब? मानूस बदलत न्हाई ना? आन आमच्या दोघांत… त्यात काय फरक पडंल?"

डॉक्टर माझ्याशी बोलले होते त्यापेक्षा तिच्याशी जास्त नीट बोलले. म्हणाले, बरेच जण पहिल्यांदा घाबरतात, बायकोला माहीत असलं की निम्मी भीती कमी होते. काही आठवडे थांबायचं, मग घाई न करता बघायचं. नाही जमलं तर त्यावरही उपाय आहेत, लाजून घरी बसू नका.

ती शाळेतल्या पोरीसारखी ऐकत होती. आणि मी तिथं खुर्चीवर, नळी लावलेली, पिशवी मांडीला बांधलेली — मला दुसरा एक दवाखाना आठवला.

आता सांगतो. आता टाळण्यासारखं काही राहिलं नाही.

पोरं शाळेत होती तेव्हा सुमनला अंगावरून फार जायचं. आमच्या भागात बायकांची गर्भाची पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं बोललं जातं. मी तिला माझ्याच जीपमधून नेलं. वाटेत तिनं मला एकच विचारलं होतं, "काढल्यावर मी पैल्यासारखी ऱ्हाईन का?" मी गिअर टाकत म्हणालो, काटा काढल्यावर पाय पहिल्यासारखाच असतो की. दवाखान्यात मला सांगितलं गेलं की आधी औषध करून बघता येईल, थोडे महिने लागतील. मला. तिला नाही, ती बाहेर बाकावर बसली होती. लगनसराई तोंडावर होती, माझी भाडी ठरलेली होती, आणि मला तो दरमहाचा घोळ एकदाचा संपवायचा होता. मी म्हणालो, काढून टाका. नंतर तिच्या शरीराचं काय होईल, असा एक प्रश्न — अर्धा प्रश्न — माझ्या तोंडातून निघाला नाही. माझ्या ऑपरेशनवर मी वर्षानुवर्षं विचार केला. तिच्या ऑपरेशनवर मी चहा पिण्याइतकाही केला नाही.

आणि औषधाचा रस्ता होता, हे मी तिला बाकावर येऊन सांगितलंही नाही.

पण तेवढंच असतं तर. त्यानंतर तिला आमच्यातलं ते सगळं दुखायला लागलं. ती सांगायची नाही, दात आवळून पडून राहायची. एकदा तिनं मला हातानं बाजूला सारलं. पहिल्यांदाच. मी उठून बसलो आणि म्हणालो, "तू आता रिकामं पोतं झालीस. तुझ्यात काय ठेवलंय?" आणि अंथरूण उचलून ओसरीत गेलो. तिथून परत आलो नाही. आणि गावाला सांगितलं, तिला देवाची ओढ लागली.

हे ते. हेच सांगायचं होतं.

बीडहून नळीसकट घरी आलो. ऑपरेशनला काही दिवस अवकाश होता. बाबूमिया भेटायला आला. त्याचं हेच ऑपरेशन माझ्या आधी झालेलं, मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. तो मोठ्यानं हसला. "पैल्यांदा मी बी गडबडलो बे. म्हनलं, गेलं आपलं सगळं. मग कळलं — मजा तीच हाय, पसारा न्हाई." मग जरा गंभीर झाला. परळीतल्या एका ओळखीच्या माणसाला नंतर जमेनासं झालं, असंही त्यानं सांगितलं; पण त्याला साखर होती आणि आधीपासून थोडं तसंच होतं. "मी खोटं सांगनार न्हाई तुला," बाबूमिया म्हणाला. "पन त्या नळीपेक्षा काय बी बरं."

तो गेला. सुमन चहाची भांडी उचलायला आली. मी म्हणालो, बस जरा. आणि बोललो. कड्याचं नाही, गोळ्यांचं नाही, सरळ त्या दवाखान्याचं. औषधाचा रस्ता होता हेही. सांगताना मी तिच्याकडं बघू शकलो नाही. ती म्हणाली, "औषधाचं मला ठाव नव्हतं."

मग म्हणाली, "तो शब्द मात्र मी इसरले न्हाई. रोज पीठ भरताना आठवतो."

चुकलं म्हणालो. तिनं कड्याला म्हटलं होतं तेच. ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मला तवा कुनी इचारलं न्हाई. तुमाला समदं इचारतेत, सांगतेत. चांगलं हाय. नीट इचारून घ्या आन करून टाका. मला म्हातारपनी पायजमे धुवायचे न्हाईत."

आणि भजनाला निघून गेली. मला वाटलं होतं ती रडेल. खरं सांगू? तिनं रडावं असं वाटत होतं. समजूत काढायला काहीतरी मिळालं असतं.

ऑपरेशनचं मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला अजून आवडतं. पाठीत इंजेक्शन, कमरेखाली काही नाही, वर मी टक्क जागा. डॉक्टर त्यांच्या पडद्यावर बघत काम करत होते आणि मधूनच विचारत होते, कसं वाटतंय. पुढं काही दिवस नळीतून लालसर पाणी. मग नळी काढली. नर्स म्हणाली, पाणी पीत राहा, आणि आली की सांगा.

आली. मी संडासात उभा होतो, एका हातानं भिंत धरलेली. जळजळलं आधी. आणि मग — अहो, धार! पोरवयातली धार! आवाज करणारी! थांबत नव्हती. मी आतूनच ओरडलो, "सुमन, ऐकतीस का?" वॉर्डातले सगळे हसले. बाहेरून तिचा आवाज आला, "ऐकतेय, आख्खं बीड ऐकतंय." किती सालांनी ती माझ्याशी अशी बोलली होती. मी तिथं उभा राहून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी चालू होतं. वरून खालून मोकळा झालो म्हणा.

त्यानंतरचं टपरीवर सांगत नाही.

तपासणीला बीडला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं. सुमननं तिथंच विचारलं, बायकांची चांगली डॉक्टरीण कोण? मी बाहेर बसलो. या वेळी बाकावर मी होतो. ती आत बराच वेळ होती. आली तेव्हा हातात मलमाची ट्यूब आणि चेहरा — कसा सांगू — रागावलेला आणि उजळलेला, दोन्ही. डॉक्टरणीनं तिला सांगितलं होतं, पिशवी काढल्यावर, तिच्याबरोबर बीजकोशही काढलेले असले की, असं कोरडं पडतं आणि दुखतं, आणि त्यावर साधं औषध असतं. साधं औषध. "इतक्या सालांत मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर परत एकदा म्हणाली. तेलगावपर्यंत ती तेच वाक्य स्वतःशी घोळवत होती.

अंथरूण ओसरीतून मी उचललं नाही. तिनं उचललं. काही महिन्यांनी. मी मागितलं नव्हतं — मागायचा हक्क होता का मला? एक दिवस दुपारची झोप काढून उठलो तर ओसरी रिकामी, गादी आतल्या खोलीत. ती म्हणाली, "पावसाची ओल येते तिथं."

आणि हो. आमचं जमलं. दोघंही साठीच्या घरात, दोघंही घाबरलेले, मध्येच हसू येत होतं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं — कोरडं. क्षणभर काळीज हललं, आणि मग कळलं की सुख कुठंच गेलेलं नाही. ज्याच्यासाठी मी इतकी सालं अडून बसलो होतो त्याची आठवणसुद्धा आली नाही. सुमननं विचारलं, "काय झालं, हसताय कावून?" मी बाबूमियाचं वाक्य सांगितलं. ती पदरात तोंड खुपसून इतकी हसली की शेजारी ऐकू जाईल म्हणून मलाच भीती वाटली. आणि तिला दुखलं नाही. हे मी शेवटी लिहितोय, पण ते पहिलं आहे. तिला दुखलं नाही.

यंदा कपिलधारला गेलो. धबधब्याला भरपूर पाणी होतं. ती नखशिखांत भिजली.

एका गोष्टीत मात्र मी परत चुकलो. अंबाजोगाईला धाकट्या बहिणीकडं, कलावतीकडं, जेवायला गेलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, अण्णा, वहिनीनं तर कवाच संसारातून मन काढलं, तुमचं मोठेपण की तुमी सांभाळून घेतलं. मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ते खोटं होतं. मी तिला टाकलं होतं, आणि नाव देवाचं सांगितलं. कलावतीचा हात वाढता वाढता थांबला. मला वाटलं, मी मोठं काम केलं. परत येताना सुमन म्हणाली, "भर पंगतीत सांगायच्या आदी मला इचारलं का? ती गोष्ट माझी बी हाय. आन भजन मला आवडतं आता. ते तुमच्या थापेमुळं सुरू झालं असंल, पन आता माझं हाय. ते मी सोडनार न्हाई." बरोबर होतं तिचं. पुन्हा तिच्या बाबतीत मीच ठरवलं होतं, न विचारता.

म्हणून हे लिहायच्या आधी विचारलं. ती म्हणाली, लिवा, मग मला दावा. लिहिलं आणि दाखवलं. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं वाचलं. धारेपाशी हसली. आणि ओसरीत गेलो त्या ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिथं मी लिहिलं होतं, "तुझ्यात आता काही उरलं नाही, असं मी तिला म्हणालो."

"असं न्हाई म्हनला होता," ती म्हणाली. "पोतं म्हनला होता. रिकामं पोतं. म्हनला तसंच लिवा."

मी खोडलं. वर आहे तो शब्द तिच्या सांगण्यावरून लिहिलेला आहे, जसाच्या तसा.